दाराला दार लावलेले डबे : सोयापेंडीच्या थप्पीतून रेडिओ बाहेर काढताना

पार्श्वभूमी

उरण तालुक्यात, जेएनपीए बंदराच्या मागच्या पट्ट्यात कंटेनर यार्डांची रांगच रांग आहे. १९८९ मध्ये हे, म्हणजे न्हावा शेवाचं, बंदर सुरू झालं आणि मिठागरं-भातशेतीच्या जागी हळूहळू ही पोलादी गावं उभी राहिली. त्यातल्याच एका मध्यम आकाराच्या यार्डातलं हे काम. यार्डाचं, निर्यातदाराचं आणि माणसांची नावं देत नाही. काही तपशील ओळख पटू नये एवढेच बदलले आहेत. तांत्रिक बाजू जशी घडली तशी आहे, आमच्या चुकांसकट.

निर्यातदार लातूरकडची सोयापेंड बाहेर पाठवायचा. ५० किलोची पोती, २० फुटी डब्यात साधारण २२ टन माल. (यार्डात कंटेनरला डबाच म्हणतात, मीही तेच म्हणतो.) आदल्या पावसाळ्यात त्याचे काही डबे परदेशात उघडले तेव्हा वरच्या दोन थरांतली पोती बुरशीने काळी झालेली निघाली. डब्याला कुठे भोक नव्हतं. पाणी आतलंच होतं. दिवसा छत तापतं, पोत्यांतला ओलावा हवेत येतो, रात्री पत्रा गार झाला की तोच ओलावा थेंब होऊन खाली टपकतो. या धंद्यात त्याला ‘डब्यातला पाऊस’ म्हणतात.

त्यातून २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातले हल्ले टाळायला जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली होती. वेळापत्रकांचा ताण सगळ्याच मार्गांवर आला. बुकिंग पुढे ढकललं जायचं आणि भरलेले डबे यार्डात तीन-तीन आठवडे पडून राहायचे. निर्यातदाराची मागणी साधी होती: “डबा यार्डात उभा असताना आतली आर्द्रता आणि तापमान मला ऑफिसात बसून दिसलं पाहिजे. बिघडायला लागला तर जहाजावर चढायच्या आधी कळलं पाहिजे.”

आम्ही पुण्याची तिघांची टोळी. द्राक्षबागांत हवामानाचे सेन्सर बसवलेले, लोरा रेडिओवर (कमी विजेत छोटे संदेश लांबवर पोचवणारा रेडिओ) चांगला हात बसलेला. जून २०२४ मध्ये हे काम घेतलं.

अडचण

डबा म्हणजे रेडिओसाठी बंद पेटी. भिंती कॉर्टेन पोलादाच्या, दीड ते दोन मिलिमीटर जाडीच्या, नालीदार. दोन मिलिमीटर ऐकायला पातळ वाटतं. पण ८६६ मेगाहर्ट्झची लहर पोलादात काही मायक्रॉनांतच मरते. भिंतीतून ती पलीकडे जाते असं कुणी म्हणालं तर त्याने मोजलेलं नाही असं खुशाल समजावं. सिग्नल बाहेर येतो तो दारांभोवतीच्या रबरी पट्टीतून. रबर वीज वाहत नाही, त्यामुळे दाराच्या कडेने दोन-अडीच मीटर लांबीची अरुंद खाच तयार होते. लाकडी तळातूनही थोडा झिरपतो. बाकी सगळीकडे पत्रा.

पहिल्याच दिवशी यार्डाचे सुपरवायझर, उरणचेच, आम्हाला हसले होते. “डब्यान मोबाईल लागत नाय, तुमचा यंत्र काय लागनार?” आम्ही त्यांना लोराची संवेदनशीलता समजावून सांगितली. त्यांनी मान डोलावली आणि चहा मागवला.

दुसरी अट कस्टम्सची. निर्यातदार स्वतःच्या गोदामात माल भरून आरएफआयडीचं ई-सील लावतो; २०१७ पासून ही पद्धत आहे. एकदा सील लागलं की दार उघडणं म्हणजे कस्टम्सची परवानगी, पंचनामा, नवं सील आणि दोन दिवसांची धावपळ. म्हणजे आत जे ठेवायचं ते लातूरला, भरतानाच. यार्डात आल्यावर अँटेना जरा डावीकडे सरकवून बघू, ही सोय नाही.

तिसरी गोष्ट आम्हाला कुणी सांगितली नाही आणि आम्ही विचारली नाही. तीच पुढे महागात पडली.

पर्याय

साधा लॉगर आत टाकणं सगळ्यांत स्वस्त होतं. पण तो नोंद ठेवतो आणि परदेशात डबा उघडला की कथा सांगतो. इशारा देत नाही. निर्यातदाराला कथा नको होती.

प्रत्येक डब्यापर्यंत केबल नेण्याचा विचार अर्धा तास टिकला. रीच स्टॅकर (डबे उचलून रचणारं अवजड वाहन) रोज डबे इकडचे तिकडे करतो, त्याच्या चाकाखाली पहिल्या आठवड्यातच सगळं गेलं असतं. पत्र्याच्या दोन्ही बाजूंना पिझो चकत्या (विजेवर थरथरणाऱ्या) चिकटवून आवाजाच्या लहरींनी माहिती बाहेर काढता येते, हेही कागदावर मांडलं. जमतं, पण दर डब्याला दोन चकत्या अचूक समोरासमोर चिकटवायला लातूरच्या गोदामात कोण बसणार?

प्रत्येक डब्यात सिमकार्डवालं मोडेम ठेवलं तर बॅटरी आणि खर्च दोन्ही अंगावर येत होते, आणि आतून टॉवर लागत नव्हता हे सुपरवायझरांनी फुकटात सांगितलं होतंच.

मग उरले दोन रेडिओ. २.४ गिगाहर्ट्झचं जाळं, ज्यात डबा डब्याशी बोलतो. किंवा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या विनापरवाना पट्ट्यातला लोरा, ज्यात सगळे डबे एकाच मोठ्या कानाशी बोलतात. भारतात या पट्ट्यात १ वॅटपर्यंतचा ट्रान्समीटर आणि ४ वॅट प्रभावी विकिरणाची मुभा आहे. आम्हाला त्याच्या चाळिसाव्या हिश्शात भागवायचं होतं. २.४ गिगाहर्ट्झ आम्ही ‘लहान लहर, कमी पल्ला’ असं म्हणून बाजूला सारलं. द्राक्षबागेत हे कारण बरोबर असतं. यार्डात ते चुकीचं होतं, का ते पुढे येईल.

पहिला निर्णय

लोरा घेतला. यार्डाच्या हाय मास्ट दिव्यावर, उंचावर, गेटवे, म्हणजे तो मोठा कान. प्रत्येक डब्यात दाराजवळ, छताच्या खाली हातभर अंतरावर, एक सेन्सर. त्याची एक तार पोत्यांच्या मध्ये. अँटेना सेन्सरच्या आतच, डबीत आडवी बसवलेली पट्टी.

निर्णयाआधी चाचणी केली होती, हे आवर्जून सांगतो, कारण नंतर सगळ्यांनी तेच विचारलं. यार्डातले दोन रिकामे डबे घेतले, आत सेन्सर ठेवला, दारं घट्ट लावली. दोनशे मीटरवरून सिग्नल स्वच्छ. आम्ही एकमेकांना टाळ्या दिल्या.

रिकामा डबा ही रेडिओसाठी आरशांची खोली असते. लहर आत हजार वेळा आपटते, आपटता आपटता रबरी पट्टीशी पुन्हा पुन्हा येते आणि दर वेळी थोडी थोडी बाहेर गळते. त्याच खोलीत २२ टन दमट पेंड भरली की आरशांवर घोंगडी टाकल्यासारखं होतं. पेंडीतला ओलावा लहर पिऊन टाकतो. चाचणी खोटी नव्हती. आम्ही फक्त वेगळ्याच वस्तूची चाचणी केली होती.

डबे तपासणारे सर्व्हेअर लोक डब्याची ‘लाइट टेस्ट’ करतात: आत जाऊन दारं लावून घ्यायची आणि अंधारात कुठून उजेड येतो ते पाहायचं. आमच्यातल्या एकाला एका डब्याच्या छतात टाचणीएवढं भोक दिसलं आणि तो म्हणाला, उजेड येतो तिथून रेडिओही जाईल. उजेडाची लहर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून लहान. आमची लहर ३५ सेंटिमीटर. टाचणीच्या भोकासमोर ती हत्तीसारखी उभी राहते. बाजूच्या झडपांची छोटी छिद्रंही त्याच कारणाने निरुपयोगी. लांब खाच लागते. साधारण १७ सेंटिमीटर म्हणजे अर्ध्या लहरीएवढी किंवा जास्त.

काय दिसलं

पहिले ४८ डबे आले. यार्डाने ते एका गठ्ठ्यात लावले: चार रांगा, प्रत्येक रांगेत एकामागे एक तीन डबे (म्हणजे आडव्या तीन ओळी), आणि चार थर. रात्री अकराला गेटवेची यादी पाहिली. ४८ पैकी १९ बोलत होते.

पहिली प्रतिक्रिया कुठल्याही रेडिओवाल्याची असते तीच झाली: आवाज वाढवा. लोरात त्यासाठी स्प्रेडिंग फॅक्टर वाढवतात, म्हणजे तोच संदेश जास्त सावकाश पाठवतात. सगळे नोड, म्हणजे डब्यांतले सेन्सर, ७ वर होते. ते १२ वर नेता आले तर ऐकण्याची क्षमता साधारण १४ डेसिबलनी सुधारते. त्याची किंमत अशी की प्रत्येक पायरीला संदेशाला लागणारा वेळ जवळपास दुप्पट होतो. जो संदेश सेकंदाच्या विसाव्या भागात संपायचा, तो एक सेकंदाहून जास्त हवा अडवून बसतो आणि बॅटरी त्याच प्रमाणात जाते. सेन्सरमध्ये आम्ही तशी तरतूद ठेवली होती: उत्तर आलं नाही तर नोड आपोआप पायरी चढतो. चार दिवसांत सगळे मुके नोड १२ वर चढले असणार. यादीत भर पडली दोन डब्यांची.

पाचव्या दिवशी सुपरवायझर आमच्या मागे उभे राहून स्क्रीनवरचा नकाशा बघत होते. हिरवे ठिपके, लाल ठिपके. म्हणाले, “ज्यांची तोंडं भायेर हायत तेच बोलतान.”

आम्ही नकाशा डब्यांच्या क्रमांकांनी काढला होता, दारांच्या दिशांनी नाही. तो पुन्हा काढला. तिसऱ्या ओळीतल्या १६ डब्यांची दारं मोकळ्या रस्त्याकडे होती. त्यांतले १४ पहिल्या रात्रीपासून बोलत होते. पहिल्या आणि दुसऱ्या ओळीतले ३२ डबे दाराला दार लावून ठेवले होते. त्यांतले फक्त पाच बोलत होते आणि पाचही सर्वांत वरच्या थरातले.

दाराला दार ही यार्डाची जुनी रीत. समोरच डबा असला की दार उघडायला जागाच राहत नाही, चोरीचा प्रश्न मिटतो. भरलेल्या मालाच्या गठ्ठ्यात सुरक्षा अधिकारी यावर अडून बसतात, आणि बरोबरच आहे. आम्ही काम घेताना यार्ड किती मोठं, वीज कुठे, मास्ट किती उंच, सगळं विचारलं. थप्पी कशी लावता, हे विचारलं नाही. जिथून सिग्नल बाहेर येतो ती एकमेव खाच आम्ही हेरली होती, आणि यार्डाने नेमक्या तिच्यासमोर दहा सेंटिमीटरवर दुसरी पोलादी भिंत उभी केली होती.

फटीतला प्रयोग

दोन दारांच्या मधली ती जागा नीट डोळ्यांसमोर आणा. चार डबे रुंद, चार डबे उंच: दहा मीटर लांब, दहा मीटर उंच आणि दहा सेंटिमीटर जाड अशी हवेची एक पाटी, दोन्ही बाजूंना पोलाद. बाहेर पडायला फक्त तिच्या कडा.

भर जुलैत, पावसाच्या दोन सरींमध्ये, एका वेळूच्या काठीला छोटा ट्रान्समीटर बांधला. अँटेना बोटाएवढी, स्प्रिंगवाली, काठीला काटकोनात, वर तोंड करून. गठ्ठ्याच्या बाजूने ती काठी फटीत सरकवायची आणि बाहेर मीटरभर अंतरावर सिग्नल मोजायचा. फटीच्या तोंडाशी सिग्नल दणदणीत. हातभर आत गेली की शून्य. दोन-तीनदा केलं, तेच.

मग आमच्यातला धाकटा, ज्याच्या हातात काठी होती, त्याचं मनगट दुखलं. त्याने पकड बदलली आणि काठी हातातल्या हातात पाव वळसा फिरली. मीटरवरचा आकडा उडी मारून वर आला. त्याला वाटलं मीटर बिघडला. काठी परत सरळ केली: शून्य. फिरवली: आला. अडीच मीटर आत घातली तरी टिकून.

यामागचं गणित आमच्यापैकी प्रत्येकाने इंजिनिअरिंगला परीक्षेपुरतं केलेलं होतं. दोन समांतर धातूच्या भिंतींमध्ये लहरीचं विद्युतक्षेत्र भिंतींना समांतर असेल, तर अर्ध्या लहरीपेक्षा अरुंद फटीत ती चालूच शकत नाही. धातूच्या पृष्ठभागाला समांतर क्षेत्र शून्य व्हावं लागतं; दोन्ही भिंतींवर शून्य आणि मध्ये काहीतरी, यासाठी किमान १७ सेंटिमीटर जागा हवी. आमची फट दहाची. अशी लहर दर सेंटिमीटरला २ डेसिबलहून जास्त गमावते. याउलट, क्षेत्र एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे ताठ असेल, तर फट कितीही अरुंद असो, लहर मजेत जाते. दोन सेंटिमीटरची असली तरी.

उभी अँटेना म्हणजे क्षेत्र दारांना समांतर. पाव वळशानंतर क्षेत्र एका दाराकडून दुसऱ्या दाराकडे. एवढाच फरक.

आता त्या १४ डेसिबलचा हिशेब करा. बॅटरी जाळून, हवा अडवून जे कमावलं, त्यात समांतर क्षेत्राच्या लहरीने फटीत आणखी सहा सेंटिमीटर मजल मारली असती. बाहेर पडायला लागत होते काही मीटर.

२.४ गिगाहर्ट्झची अर्धी लहर सहा सेंटिमीटरची. ती या फटीत उभी, आडवी, कशीही गेली असती. ‘लहान लहर, कमी पल्ला’ म्हणून जिला नाकारलं तिच्या लहान असण्याचाच इथे फायदा होता. तरीही ओल्या पेंडीतून ती बाहेर आली नसती, म्हणून तेव्हा बदललं नाही.

मास्टवरचा गेटवेही चुकीचा निघाला. त्याची अँटेना उभी. फटीतून बाहेर येणारी लहर मात्र आडव्या क्षेत्राची. शिवाय उभ्या अँटेनाला थेट पायाखालचं जवळजवळ ऐकूच येत नाही आणि आमचा गठ्ठा बऱ्यापैकी तिच्या पायाशी होता. उंच बसवलं की चांगलं, ही सवय शेतातून आलेली.

दुसरा निर्णय

तीन वाटा होत्या आणि त्यांवर एक अख्खी दुपार भांडण झालं.

पहिली: दारं रस्त्याकडे फिरवा. सुरक्षा अधिकाऱ्यांनी वाक्य पूर्ण होऊ दिलं नाही. दुसरी: दोन ओळींत ६० सेंटिमीटर अंतर ठेवा. मग ध्रुवीकरणाचा, म्हणजे क्षेत्र कुठल्या दिशेला आहे याचा, प्रश्नच उरला नसता. पण ६० सेंटिमीटरमध्ये बारीक माणूस शिरतो, आणि यार्डाला जमिनीच्या प्रत्येक फुटाचं भाडं मोजायचं असतं. मी त्या दिवशी या पर्यायासाठी फार जोर लावला. तो मान्य झाला असता तर आम्ही तिथेच थांबलो असतो आणि पुढच्या यार्डात पुन्हा तोंडावर पडलो असतो.

तिसरी वाट घेतली. सेन्सर आतच, पण रेडिओ बाहेर. रबरी पट्टी आणि चौकट यांच्या मधून जाईल अशी कागदासारखी चपटी तार, आणि दाराच्या बाहेर, कुलपाच्या दांड्यांमधल्या खोलगट जागेत चुंबकाने बसणारी साबणाच्या वडीएवढी डबी. या डबीतली अँटेना दाराच्या पत्र्याला काटकोनात उभी, तीनच सेंटिमीटर उंच, डोक्यावर पत्र्याची टोपी. म्हणजे उंची कमी असूनही ती ८६६ ला जुळते. दाराचा पत्रा तिची जमीन होतो आणि क्षेत्र आपोआप दारापासून समोरच्या दाराकडे जातं. आधीची पट्टी धातूला समांतर होती. अशा अँटेनाचं पत्र्यातलं प्रतिबिंब तिचाच सिग्नल खोडून काढतं. आम्ही एकाच डबीत दोन चुका केल्या होत्या.

गेटवे मास्टवर ठेवला, पण फटीच्या दोन्ही तोंडांशी, माणसाच्या उंचीवर, आडव्या अँटेनाचे दोन छोटे रिसीव्हर लावले.

आणि पहिल्या ४८ डब्यांचं काय? काही नाही. सील लागलेले होते. निर्यातदाराने विचारलं, सील तोडून बसवता येईल का. परवानगी मिळालीही असती, पण २७ डबे पावसात उघडणं म्हणजे ज्या दमटपणापासून मालाला वाचवायचं तोच आत घेणं. नको म्हणालो. ते २७ डबे मुकेच जहाजावर चढले. बिलातून ती रक्कम आम्ही वजा केली. न मागता केली, कारण मागितली असती तर जास्त जाणार होती.

परिणाम

ऑगस्टच्या सुरुवातीला नव्या पद्धतीचे ४८ डबे लागले. पहिल्या आठवड्यात ४५ बोलत होते, तेही स्प्रेडिंग फॅक्टर ७ वर. उरलेल्या तिघांपैकी दोघांच्या चपट्या तारा दार लावताना बिजागरीत चिरडल्या गेल्या होत्या. लातूरच्या गोदामात तार बिजागरीच्या बाजूने काढली होती, ती कुलपाच्या बाजूने काढायला हवी. हे सांगायला एक माणूस पाठवावा लागला, कारण फोनवर ‘बाजू’ म्हणजे कुठली बाजू यावर एकमत होईना. तिसऱ्याची डबी चुंबकासकट गायब होती.

रीच स्टॅकर चालवणारे मामा या कामातले खरे नेटवर्क इंजिनिअर ठरले. फट दोन सेंटिमीटर झाली तरी लहरीला चालतं, पण दांडी समोरच्या दाराला घासली तर डबी फुटते. मामा अंतर नजरेने ठेवायचे. कधी दहा, कधी चार. त्यांनीच सुचवलं की तळाच्या थराला दोन डब्यांमध्ये दहा सेंटिमीटरचा लाकडी ठोकळा टाकतो, वरचे आपोआप त्याच रेषेत बसतील. त्यानंतर एकही डबी फुटली नाही.

सप्टेंबरात एका आतल्या डब्याची आर्द्रता बाकीच्यांपेक्षा वेगळी, सरळ रेषेत चढताना दिसली. परवानगी काढून उघडला. छताच्या कोपऱ्यात गंजाने खाल्लेली चीर होती, खालची वीस-बावीस पोती भिजलेली. ती बदलून डबा पुढे गेला. निर्यातदाराच्या दृष्टीने कामाचे पैसे तिथे वसूल झाले.

आम्हाला जास्त रस वाटला तो ऑक्टोबरच्या आकड्यांत. जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे दिवस-रात्रीच्या तापमानात फरक कमी. छत सावकाश तापतं, सावकाश निवतं. ऑक्टोबर हीटमध्ये आभाळ स्वच्छ, दुपारी वरच्या थराचं छत भाजून निघतं आणि पहाटे गार पडतं. ‘डब्यातला पाऊस’ तिथे दिसला, बाहेर टिपूस नसताना. खालच्या तीन थरांत जवळजवळ काही नाही, कारण त्यांच्या डोक्यावर दुसऱ्या डब्याची सावली. त्यानंतर निर्यातदाराने यार्डाशी बोलून वरच्या थरात रिकामे डबे ठेवून घ्यायला सुरुवात केली. या उपायाला सेन्सर लागत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

भरलेल्या डब्यात चाचणी. एकच डबा, एक रात्र. निर्यातदाराने दिलाही असता. आम्हाला मागायचा संकोच वाटला, कारण अजून करार व्हायचा होता आणि आम्हाला आत्मविश्वास दाखवायचा होता.

अँटेना निवडायच्या आधी रीच स्टॅकर चालवणाऱ्यासोबत एक शिफ्ट घालवायला हवी होती. डबे कसे लागतात, किती वेळा हलतात, दारं कुठे तोंड करतात, हे त्या केबिनमधून तासाभरात दिसतं.

पाच दिवस स्प्रेडिंग फॅक्टरच्या भरवशावर बसणं, ही मला स्वतःला सर्वांत जास्त बोचणारी गोष्ट. आकड्यांत नमुना पहिल्या रात्रीच होता. एखादा डबा जवळ असून मुका आणि दुसरा लांब असून बोलका असेल, तर अडचण ताकदीची नसते, वाटेची असते. तेव्हाच यार्डात उतरून पाहायला हवं होतं.

पहिल्या गठ्ठ्यात प्रत्येक डब्यात एक स्वस्त लॉगरही टाकायला हवा होता. मग त्या २७ डब्यांत काय झालं हे निदान नंतर तरी कळलं असतं. आता टाकतो.

आणि एक गोष्ट नशिबाने निभावली. डबा यार्डातून बंदराकडे निघताना गेटवर बाहेरची डबी काढून घ्यायची, असं ठरलं होतं. पावसात, रात्री दोन वाजता, रांगेत उभ्या ट्रेलरवरून ती कोण काढतंय? पहिल्या दोन महिन्यांत तीन डब्या जहाजावर चढल्या. ८६५ ते ८६८ ची मुभा भारतातली. दुसऱ्या बंदरात तोच पट्टा दुसऱ्याच कुणाचा असू शकतो. सिंगापुरात असली यंत्रं बहुतेक ९२० च्या वर चालतात, अमेरिकेत ९०२ ते ९२८ मध्ये. सुदैवाने आमच्या धाकट्याने, बॅटरी वाचावी म्हणून, एक ओळ लिहून ठेवली होती: चोवीस तास कुठल्याही गेटवेचं उत्तर आलं नाही तर कायमचं गप्प बसायचं. नियमपालनासाठी नाही, कंजुषीसाठी. आता ती ओळ करारात आहे आणि गेटवरच्या वॉचमनकडे दर परत आलेल्या डबीमागे दहा रुपयांचा हिशेब असतो. त्या तिघींपैकी एक डिसेंबरात परत आली, रिकाम्या डब्याच्या दाराला तशीच चिकटलेली. बॅटरी जवळजवळ भरलेली होती.